ऑपरेशनला चार आठवडे आहेत. आईने आराम करायचा की व्यायाम?

कृष्णाकाठची
सोमवार, रात्री ११:१५

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचायला येते, पण आज विचारायचं आहे.

माझी आई ६६ वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कराडला असते. जिना चढताना दम लागतोय म्हणून रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.९ निघालं. मग कोलोनोस्कोपी, बायप्सी, सीटी असं एकेक होत गेलं आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला कॅन्सरची गाठ सापडली. बाकी कुठे पसरलेलं दिसत नाही. आधी केमो नाही, थेट लॅप्रोस्कोपीने ऑपरेशन, साधारण चार आठवड्यांनी. सध्या ती पुण्यात माझ्याकडे आहे.

सर्जन चांगले आहेत, पण बाहेर रांग असते. आम्ही उठता उठता म्हणाले, "तोवर तब्येत कमवा, चालायला लावा." किती, कसं, काही नाही. आणि घरी सगळं उलट चाललंय. मावशी, आत्या, समोरच्या काकू, जो येतो तो बजावून जातो की तिला काडीला हात लावू देऊ नकोस. तिलाही आता ते पटलंय. पंधरा दिवसांपूर्वी मंडईतून पिशवी घेऊन येणारी बाई दिवसभर पलंगावर पडून असते आणि पाण्याचा तांब्याही हातात देतात.

डायबेटिस आहे, गोळ्यांवर. गुडघे दुखतात. वजन ५४ किलो. हिमोग्लोबिन इतकं कमी असताना चालायला लावलं तर काही होणार नाही ना? कुणाला अनुभव?

वेलदोडा
सोमवार, रात्री ११:३२

काळजी करू नका ताई, सगळं नीट होईल. माझ्या मते आत्ता आरामच द्या. ऑपरेशनला ताकद लागते, ती साठवून ठेवायला नको का? शहाळ्याचं पाणी, डाळिंब, खजूर चालू ठेवा. व्यायाम नंतर आहेच.

भूलभुलैया
मंगळवार, सकाळी ६:०५

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या टेबलाशी डोक्याच्या बाजूला उभा राहतो आणि नंतर आयसीयूत त्याच पेशंटना भेटतो, त्यामुळे या विषयावर जरा जास्त बोलणार आहे.

वेलदोडा, ताकद साठवून ठेवता येत नाही हीच अडचण आहे. पैसे ठेवीत राहतात, स्नायू राहत नाहीत. निरोगी वयस्कर माणसांना दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवण्याचा एक प्रयोग झाला होता. आजार काही नाही, जेवण व्यवस्थित, तरी प्रत्येकाच्या पायांतले सरासरी जवळपास १ किलो स्नायू गेले. आता त्यात कॅन्सर, रक्त कमी आणि काळजीने उडालेली भूक धरा. ताईंच्या आई चार आठवडे पलंगावर राहिल्या तर आज आहेत त्यापेक्षा कमकुवत होऊन टेबलावर येतील. प्रेमापोटीच हे होतं, म्हणून कुणाला रागावताही येत नाही.

मोठं ऑपरेशन म्हणजे शरीराला न थांबता घाट चढायला लावणं. नंतरचे काही दिवस ऑक्सिजनची गरज वाढलेली असते, हृदयाला आणि फुप्फुसांना जादा काम पडतं, जखम भरायला प्रथिनं लागतात आणि ती खाण्यातून पुरेशी आली नाहीत तर स्नायू मोडून घेतली जातात. ज्याच्याकडे शिल्लक आहे तो तरतो. ज्याच्याकडे नाही त्याला न्यूमोनिया होतो, जखम चिघळते, तो पलंगाला खिळतो. आम्ही तपासणीत "न थांबता दोन जिने चढता का?" असं विचारतो ते गप्पा म्हणून नाही.

या पूर्वतयारीला आता प्रीहॅब म्हणतात. आतड्याच्या कॅन्सरवरचा एक मोठा अभ्यास २०२३ साली छापून आला. नेदरलँड्स, स्पेन, इटली आणि डेन्मार्कमधले २५१ पेशंट होते. निम्म्यांना ऑपरेशनआधी चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम, प्रथिनयुक्त आहार, मानसिक आधार आणि सिगारेट सोडायला मदत दिली. निम्म्यांना नेहमीचेच उपचार. गंभीर गुंतागुंत पहिल्या गटात सुमारे १७ टक्के, दुसऱ्या गटात सुमारे ३० टक्के. चार आठवडेच, ताई. तुमच्याकडे तेवढेच आहेत.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल.

हिमोग्लोबिन ८.९ हे व्यायाम बंद करण्याचं कारण नाही, पण जोर कमी ठेवण्याचं नक्की आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते वाढवा. उजव्या बाजूची गाठ गुपचूप रक्त गाळत असते, शरीरातलं लोह संपतं. तोंडाने लोहाच्या गोळ्या घेऊन एवढ्या दिवसांत फारसं हाती लागत नाही, शिवाय मलावरोध होतो. सर्जनना किंवा फिजिशियनना स्पष्ट विचारा, शिरेतून लोह देता येईल का? त्याने हिमोग्लोबिन चढायला दोनतीन आठवडे लागतात, म्हणून याच आठवड्यात विचारा. हे झालं तर अर्धी लढाई तिथेच झाली.

डायबेटिसच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखं काही असेल तर व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. चालायला जाताना खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवा. फक्त मेटफॉर्मिन असेल तर ही भीती फारशी नाही.

आणि एक काम आजच. हृदयाचा ईसीजी, टूडी एको झालाय का ते बघा आणि व्यायाम सुरू करतोय हे डॉक्टरांना एका वाक्यात सांगून ठेवा. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली, किंवा पोट फुगून उलट्या होऊ लागल्या, शौचावाटे बरंच रक्त गेलं, तर व्यायाम वगैरे विसरा आणि थेट हॉस्पिटल गाठा. गाठीने आतडं बंद होऊ शकतं.

तिरपागडा
मंगळवार, सकाळी ९:४०

डॉक्टरसाहेब, एक शंका. व्यायामाने रक्ताभिसरण वाढतं, मग कॅन्सरच्या पेशी अंगभर पसरणार नाहीत का? आमच्या गावाकडे एकाने हेच सांगितलं होतं.

भूलभुलैया
मंगळवार, सकाळी ९:५८

नाही. हृदय झोपेतही मिनिटाला ५ लिटरच्या आसपास रक्त फिरवतंच. चालल्याने कॅन्सर पसरतो असं कुठल्याही अभ्यासात दिसलेलं नाही. एक खरी खबरदारी आहे ती वेगळी: कॅन्सर हाडांत गेला असेल तर उड्या, पिळे, जड वजनं टाळायची, कारण ते हाड मोडू शकतं. या आईंच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

(ऑपरेशन थिएटरला निघालो. बाकी रात्री.)

हातपाय_हलवा
मंगळवार, दुपारी २:२०

फिजिओथेरपिस्ट. भूलभुलैयांनी 'का' सांगितलं, मी 'कसं' सांगते. मात्र प्रत्यक्ष एकदा जवळच्या फिजिओला दाखवाच, गुडघे आहेत म्हणून. सिव्हिलला किंवा मेडिकल कॉलेजला फिजिओथेरपीची ओपीडी असते, तिथे नाममात्र पैशात होतं.

आधी आज कुठे आहोत ते बघू. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आईंनी हात छातीवर दुमडून बसायचं आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजायचं. पासष्टी ओलांडलेल्या बाईला अकरा-बारा तरी जमायला हवेत. तुम्ही बाजूला उभ्या राहा.

चालणं: बहुतेक घरांत इथेच घोटाळा होतो. सोसायटीत गप्पा मारत दोन फेऱ्या झाल्या की "चालून आले". त्याने मन रमतं, दम वाढत नाही. वेग असा हवा की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. सलग जमत नसेल तर तीन मिनिटं तसं, दोन मिनिटं सावकाश, पुन्हा तीन मिनिटं. सुरुवातीला एकूण पंधरा मिनिटं, दर दोनतीन दिवसांनी थोडं वाढवत अर्ध्या तासावर न्या. आठवड्यातले पाच दिवस. हिमोग्लोबिन वर येईपर्यंत दमाची हद्द जराशी खालीच ठेवा.

गुडघे फार कुरकुरले तर बसून करायची सायकल मिळते, पायडल तेवढं असलेली. किंवा खुर्चीत बसून गुडघे आळीपाळीने उचलत मार्चिंग. दिसायला किरकोळ, पाच मिनिटांत घाम येतो.

ताकद: हे कुणीच करत नाही आणि हेच सगळ्यात उपयोगी आहे. ऑपरेशननंतर पलंगावरून उठणं, कमोडवरून उठणं, याला मांड्या लागतात. एक दिवसाआड:
- खुर्चीतून उठणं-बसणं. बसताना धपकन नाही, तीन आकडे मोजत.
- ओट्याला धरून टाचा उचलणं.
- भिंतीला तळहात लावून भिंतीवरचे जोर.
- पाण्याची लिटरची बाटली म्हणजे १ किलो. दोन हातांत दोन, कोपरातून वर-खाली.

प्रत्येकी दहा वेळा, मध्ये विश्रांती, पुन्हा दहा. सोपं वाटायला लागलं की वाढवायचं. वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, जोर लावताना सोडायचा.

श्वासाचं: तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र मिळतं मेडिकलमध्ये, दोनतीनशे रुपयांच्या आसपास. त्यात फुंकायचं नसतं! ओढायचं असतं. निम्मे पेशंट फुंकत बसतात. सावकाश ओढा, गोळ्या वर धरून ठेवा, सोडा. दर दोन तासांनी दहा वेळा. जोडीला पोटावर उशी दाबून खोकायची सवय. ऑपरेशननंतर टाके दुखतात म्हणून माणसं खोकत नाहीत, कफ साठतो.

यावर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये सुंदर अभ्यास झालाय, २०१८ साली प्रसिद्ध झाला. पोटाच्या वरच्या भागातली मोठी ऑपरेशनं होणारे ४४१ पेशंट. एका गटाला हातात फक्त पत्रक, दुसऱ्याला पत्रक आणि फिजिओची अर्ध्या तासाची एकच भेट, ज्यात शुद्धीवर आल्याबरोबर श्वासाचे व्यायाम का आणि कसे करायचे ते शिकवलं. फुप्फुसाची गुंतागुंत २७ टक्क्यांवरून १२ वर. अर्धा तास! इथे आम्हाला पेशंट ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दाखवतात, नळ्या लावलेला, गुंगीत, दुखण्याने बेजार. त्याला काय शिकवणार, कपाळ?

कृष्णाकाठची
मंगळवार, रात्री १०:५०

तुम्हा दोघांचे किती आभार मानू. प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय.

खुर्चीची परीक्षा घेतली, नऊ भरले. आईचा शिक्षकी स्वभाव जागा झाला. "नापास का? उद्या पुन्हा घे." लोहाबद्दल फोन केला होता, परवा डे-केअरला बोलावलंय. एको नॉर्मल आहे.

खाण्याचं काय करू? शाकाहारी आहे, अंडं चालतं पण गुरुवारी आणि चतुर्थीला उपवास. भूक कमी झालीय, पेज आणि साबुदाण्याची खिचडी एवढंच गोड लागतं म्हणते.

डबा_घेऊन_जा
मंगळवार, रात्री ११:२५

आहारतज्ज्ञ नाही, पण घरात दोन कॅन्सर पेशंटना जेवू घातलंय आणि आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी शिकवलेलं पाठ आहे.

हिशोब वजनाच्या किलोला दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ५४ किलोला ६५ ते ८० ग्रॅम. आपल्या घरच्या वरणभात-भाजी-पोळीत हे कुठून येणार? पातळ वरणाच्या वाटीत चारपाच ग्रॅम मिळाले तर नशीब. साबुदाण्यात तर जवळजवळ शून्य, तो नुसता स्टार्च. (खिचडीत जे काही आहे ते शेंगदाण्याच्या कुटाचं.)

एक अंडं ६ ग्रॅम. पेलाभर दूध ६-७. पनीर १०० ग्रॅमला १८ च्या आसपास. मूठभर शेंगदाणे ७. सोयाबीनच्या वड्या वजनाच्या निम्म्या प्रथिनंच असतात, त्या दळून थालीपिठाच्या भाजणीत किंवा कणकेत मिसळा, कळतही नाही. मुगाचं धिरडं, त्यात पनीर किसून. ताकाऐवजी घट्ट दही. पेज आवडते ना, मग त्या पेजेत दुधाची पावडर घाला. तीनदा ताटभर नको, सहादा वाटीभर. व्यायाम झाल्यावर तासाभरात काहीतरी प्रथिनांचं पोटात जाऊ द्या.

उपवास महिनाभर बंद. देवाला मी सांगते हवं तर. साखरेच्या गोळ्या घेऊन उपाशी आणि वर व्यायाम, नकोच. अगदीच ऐकत नसतील तर दूध, दही, शेंगदाणे, पनीर, राजगिरा यांच्यावर न्या.

आणि विचारू का, मिश्री लावतात का आई? आमच्याकडच्या त्या वयाच्या बायका लावतात आणि डॉक्टरांनी "तंबाखू?" विचारलं की मान हलवून नाही म्हणतात.

कृष्णाकाठची
बुधवार, सकाळी ७:१०

लावते. सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरांना खरंच "नाही" म्हणाली होती, मी शेजारी बसले होते.

भूलभुलैया
बुधवार, सकाळी ७:३०

बंद करा आणि आम्हाला सांगा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि आतडं कापून जोडल्यावर त्या सांध्याला रक्तपुरवठा लागतो. सिगारेटवाल्यांना आम्ही निदान चार आठवडे आधी सोडा म्हणतो. पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप नाही असं होईल, ते कॅन्सरचं समजून घाबरू नका.

इरवेलकाठ
बुधवार, दुपारी ४:४५

मी मँचेस्टरला असतो. इथे २०१९ पासून प्रीहॅब फॉर कॅन्सर म्हणून उपक्रम आहे. निदान झालं की हॉस्पिटलच पेशंटचं नाव पाठवतं आणि घराजवळच्या सरकारी व्यायामशाळेत प्रशिक्षक फुकट बोलावतो. आतडं, फुप्फुस, अन्ननलिका-जठर या कॅन्सरपासून सुरुवात झाली. माझ्या सत्तरीच्या शेजाऱ्याला बघितलंय जाताना, आयुष्यात पहिल्यांदा जिमचे बूट घेतले म्हाताऱ्याने.

आणखी एक, थोडं पुढचं. आतड्याच्याच कॅन्सरवर २०२५ मध्ये मोठा निकाल आला. ऑपरेशन आणि केमो संपलेले ८८९ पेशंट, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. अर्ध्यांना तीन वर्षं व्यायामाचा प्रशिक्षक, अर्ध्यांना माहितीपुस्तिका. आठ वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण ९०.३ टक्के विरुद्ध ८३.२. एखाद्या नव्या औषधाने हे केलं असतं तर कंपनीने त्याची काय किंमत लावली असती! ऑपरेशनआधी लागलेली सवय नंतर सोडू देऊ नका.

साधक
बुधवार, रात्री ९:००

एवढी पाश्चात्त्यांची उदाहरणं देण्यापेक्षा अनुलोम-विलोम आणि कपालभाती रोज अर्धा तास करा. त्यात सगळं येतं. चालणं, वजनं वगैरे कशाला?

हातपाय_हलवा
बुधवार, रात्री ९:३५

साधकजी, प्राणायामाशी माझं भांडण नाही, मी स्वतः करते. अनुलोम-विलोमने मन शांत होतं, झोप लागते. ऑपरेशनच्या भीतीने रात्री टक्क जागणाऱ्या बाईला ते हवंच. पण त्याने मांड्यांना बळ येत नाही आणि हृदयाला कष्टाची सवय होत नाही. ते जोडीला, बदली नाही. कपालभाती मात्र पोटात गाठ असताना, त्यातून रक्त जात असताना मी करू देणार नाही. पोटाला तेवढे हिसके कशाला?

नाव_नको
बुधवार, रात्री ११:५०

वाचत होते, लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझे वडील स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले. आम्हीही हे सगळं केलं होतं. जिद्दीने चालायचे ते, पाय सुजलेले असताना. ऑपरेशन झालं, नंतर गुंतागुंत, मग आयसीयू. भेटायला आलेल्या एका नातेवाइकाने विचारलं, "व्यायाम नीट केला नव्हता का त्यांनी?" तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

माझं म्हणणं एवढंच, की हे करा, पण पेशंटच्या डोक्यावर परीक्षा ठेवू नका. बरा झाला तर व्यायामाने, गेला तर आळसाने, असला हिशोब नको. ज्या दिवशी तिला उठवत नसेल त्या दिवशी पडू द्या.

भूलभुलैया
गुरुवार, सकाळी ६:२०

नाव_नको, लिहिलंत हे फार बरं केलंत. आणि तुमच्या बाजूने पुरावाही आहे. माँट्रियलमध्ये, जिथे या विषयावर बरीच वर्षं काम चाललंय, आतड्याच्या कॅन्सरचे ११० अशक्त, वयस्कर पेशंट घेऊन असाच अभ्यास केला, २०२० मध्ये आला. एका गटाला ऑपरेशनआधी कार्यक्रम, दुसऱ्याला नंतर. गुंतागुंतीत फरक पडला नाही. म्हणजे फार खंगलेल्या माणसाला चार आठवड्यांत उभं करता येईलच असं नाही. प्रत्येक कॅन्सर वेगळा, आणि स्वादुपिंडाचं ऑपरेशन तर मुळातच अवघड. तुमच्या वडिलांच्या चालण्याचा आणि जाण्याचा तसा संबंध कुणी लावत असेल तर त्याला यातलं काही कळत नाही.

जाता जाता दुसरी बाजूही सांगून ठेवतो. "आधी ताकद कमावतो, मग ऑपरेशन" म्हणून तारीख पुढे ढकलणारेही भेटतात. तसं करू नका. जो वेळ तसाही वाट पाहण्यात जाणार आहे तेवढाच वापरायचा.

चंद्रभागा६५
गुरुवार, सकाळी ११:०५

धागा आतड्याचा आहे, तरी विचारते. माझे सासरे, पंढरपूर. तोंडाचा कॅन्सर, तंबाखू-चुना आयुष्यभर. आधी ऑपरेशन, मग रेडिएशन सांगितलंय. तोंड आत्ताच दोन बोटं उघडतं. त्यांच्यासाठी काय?

हातपाय_हलवा
गुरुवार, दुपारी १:१५

बरं केलंत विचारलंत, आपल्याकडे आतड्यापेक्षा हेच पेशंट जास्त. चालणं-ताकद-श्वास हे सगळं त्यांनाही लागू. वर तीन गोष्टी.

तोंड उघडण्याचा व्यायाम: आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, ताण बसेल तितक्या, अर्धा मिनिट. दिवसातून चारपाचदा. हळूहळू एकेक काडी वाढवायची. साधारण ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर ते कमी समजतात. जखम किंवा गाठ जिथे आहे तिथे काडी टोचू देऊ नका, आणि सर्जनना विचारूनच सुरू करा.

गिळण्याचे व्यायाम: रेडिएशन सुरू होण्याआधी गिळणं-बोलणं बघणाऱ्या थेरपिस्टकडून शिकून घ्या. नंतर घसा इतका सोलवटतो की शिकण्याची इच्छा राहत नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये किंवा कुठल्याही मोठ्या कॅन्सर केंद्रात ही माणसं असतात, फक्त तुम्हाला मागून घ्यावं लागतं.

दात: किडलेले काढायचे असतील तर रेडिएशनच्या साधारण दोन आठवडे आधी, म्हणजे जखम भरते. नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. हा व्यायाम नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लालपरी
गुरुवार, दुपारी ३:४०

(एसटी नव्हे. माझ्या केमोचा रंग लाल होता म्हणून हे नाव.)

स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशनआधी केमो. ज्यांचं असं आहे त्यांच्यासाठी लिहिते. आधीच्या दिवसांत जेवढं कमावाल ते केमो खात जातं, म्हणून ते दर फेरीमध्ये पुन्हा भरावं लागतं. माझ्या डॉक्टरांनी वेळापत्रकच दिलं होतं: केमोनंतरचे पहिले चारपाच दिवस फक्त घरातल्या घरात, मग हळूहळू वाढवत तिसऱ्या आठवड्यात पूर्ण जोर. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला असतात, तेव्हा जिम, लग्नं, गर्दी बंद, गच्चीवर चाला. ताप आला की व्यायाम नाही, फोन. प्लेटलेट फार उतरले असतील तर वजनं नाहीत. ज्या हाताला पिक लाइन (केमोसाठी दंडाच्या शिरेत घातलेली नळी) असेल त्या हाताने बादली उचलायची नाही.

थकवा व्यायामाने कमी होतो हे ऐकून मला राग यायचा. पण झाला, कमी. सगळा नाही.

कृष्णाकाठची
(पुढच्या आठवड्यानंतरचा शनिवार), रात्री ९:३०

जरा अपडेट. लोहाची बाटली झाली, हिमोग्लोबिन चढतंय, पण अजून दहाच्या आत आहे. मिश्री बंद आहे (पहिल्या आठवड्यात घरात कुणी तिच्याशी बोलायचं धाडस करत नव्हतं). खुर्चीचे आता बारा होतात. मावशींना मीच कामाला लावलंय, त्या रोज संध्याकाळी तिच्याबरोबर चालतात आणि आता त्यांनाच दम लागतो.

पण हॉस्पिटलमधून फोन आला. कुणाचं तरी ऑपरेशन रद्द झालंय, आईची तारीख एक आठवडा अलीकडे मिळतेय. घ्यावी ना? की व्यायामाचा पूर्ण महिना होऊ द्यावा? आणि शेवटच्या दोनतीन दिवसांत काय करायचं, काय नाही?

भूलभुलैया
शनिवार, रात्री १०:१०

घ्या. झालं तेवढं कामी येणार आहे. दहाच्या आतलं हिमोग्लोबिन मात्र सर्जनना आणि माझ्या तिथल्या भाऊबंदांना फोनवरच सांगा. रक्ताची सोय ठेवायची की अजून काही, ते ते ठरवतील.

शेवटचे दोन दिवस दमछाक नको, वजनं बंद. हलकं चालणं आणि श्वासाचं यंत्र चालू. जेवण भरपेट. पोट साफ करायचं औषध दिलं तर त्या दिवशी चालायला बाहेर नेऊ नका, पाणी आणि मीठ-साखरेचं सरबत त्यांनी सांगितलं असेल त्या वेळेपर्यंत देत राहा. डायबेटिसच्या गोळ्या कधी बंद करायच्या हे लेखी घ्या, तोंडी नको.

भूलतपासणीला जाताना सगळ्या औषधांची यादी, जुना ईसीजी आणि त्या मिश्रीची कबुली. आणि हे विचारा: दुसऱ्या दिवशी सकाळी उठवून बसवणार का? चालवणार कोण, नर्स की फिजिओ? रविवार आला तर? लघवीची नळी कधी निघेल?

बॅगेत तीन गोळ्यांचं यंत्र, खोकताना दाबायला एक लहान उशी आणि मागे पट्टा असलेल्या चपला. स्लिपर नकोत, वॉर्डातल्या फरश्या ओल्या असतात.

डबा_घेऊन_जा
शनिवार, रात्री १०:३५

पुण्यात कुठे आहात ते व्यनि (खासगी निरोप) करा. ऑपरेशननंतर हॉस्पिटलचं जेवण सुरू झालं की मुगाची धिरडी मी आणून देईन.